ग्रॅब बार: दांडा उत्तम, सोबतचे स्क्रू कुचकामी

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळणारा 18 इंची, 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा सरळ ग्रॅब बार, म्हणजे बाथरूममध्ये धरून उठायचा आधाराचा दांडा, घरातल्या वयस्कर माणसांसाठी घ्यावा का? जरूर घ्यावा. फक्त डब्यातले 35 मिलिमीटरचे स्क्रू वापरू नयेत. दांडा कधी मोडत नाही, तो भिंतीतून उपटून येतो.

हिशोब साधा आहे. टाइल 8 मिलिमीटर, तिच्यामागचा माल आणि गिलावा मिळून आणखी 20-25. म्हणजे 35 चा स्क्रू विटेला जेमतेम टेकतो. टॉवेल वाळत घालायला तेवढं पुरतं, पण पाय घसरून सत्तर किलोचं माणूस झटक्यात लोंबकळलं की गिट्टी (भोकात स्क्रू धरून ठेवणारा प्लग) बाहेर. 75 मिलिमीटरचे स्टीलचे स्क्रू आणि 10 मिलिमीटर जाडीच्या लांब गिट्ट्या वेगळ्या घ्या. टाइलवर चिकटपट्टी लावून ड्रिलचा हॅमर बंद ठेवा, काच-टाइलसाठीच्या बिटाने टाइल पार करा, मग भिंतीचं साधं बिट लावून हॅमर सुरू करा. भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने उडवायला विसरू नका. ती आत राहिली की गिट्टी घट्ट बसत नाही आणि फिटर स्क्रूवर जोर काढत बसतो. भोकात आणि दांड्याच्या टोकाच्या तबकडीभोवती सिलिकॉन भरा, नाहीतर पाणी मागे मुरतं. नळाच्या सरळ वर किंवा आडव्या रेषेत भोक नको, आत पाइप असतो.

हे सगळं पक्क्या विटेच्या भिंतीचं. नव्या अपार्टमेंटमध्ये एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटा) असतील तर साधी गिट्टी चालत नाही. केमिकल अँकर (भोकात रसायन भरून घट्ट बसवलेला बोल्ट) तरी वापरा, नाहीतर आरपार बोल्ट घालून मागे लोखंडी पट्टी द्या. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत मातीत बांधलेल्या भिंती निघतात. तिथे भिंतीचा नाद सोडून जमिनीवर पाय असलेला दांडा घ्यावा. पण मोरीतल्या शहाबादी फरशीवर तो तसाच ठोकला तर फरशीच हलते. एक फरशी काढून फूटभर लांब-रुंद, फूटभर खोल काँक्रीट भरा, सात दिवस पाणी मारा, मगच बोल्ट.

खरेदी करताना दुकानदार लोहचुंबक चिकटत नाही हे लावून दाखवतो. त्याला भुलू नका, हलक्या प्रतीच्या 202 स्टीललाही चुंबक चिकटत नाही. बिलावर 304 लिहून घ्या. चकचकीत पॉलिशचा दांडा दिसायला नाद खुळा, साबणाच्या हाताला मात्र निसटतो. खरबरीत पकडीचाच बघा. जाडी 38 मिलिमीटरच्या आसपास, भिंतीपासून अंतर साधारण 40. अंतर कमी असलं तर बोटं घासतात, फार जास्त असलं तर तोल गेल्यावर हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकतो. संडास धुवायचं ॲसिड 304 लाही डागाळतं, उडालं तर लगेच पाणी मारा.

व्हॅक्यूमने चिकटणारे दांडे घेऊच नका. टाइलच्या सांध्यावरून हवा शिरते आणि ते नेमके भार पडल्यावर सुटतात.

जागा फिटरवर सोडू नका. ज्यांच्यासाठी बसवायचा त्यांना कमोडवर बसवा, हात ठेवून उठायला सांगा आणि तिथेच पेन्सिलीने खूण करा. बाजूचा आडवा दांडा बहुधा जमिनीपासून 28 इंचांवर येतो, उठण्यासाठीचा उभा दांडा कमोडच्या कडेपासून थोडा पुढे. तिरका बसवला की ओला हात खाली घसरतो.

हाच दांडा बाथरूमबाहेरही उपयोगी आहे, आणि तिथे तो क्वचितच दिसतो. पेठांतल्या घरांचं जोतं उंच, दोन-तीन पायऱ्या थेट गल्लीत उतरतात, पावसाळ्यात त्यांवर शेवाळ धरतं. दाराच्या चौकटीशेजारी एक उभा दांडा लावला की आजी-आजोबांचं कट्ट्यावर येणं बंद होत नाही. सोसायटीतही जिन्याच्या शेवटच्या पायरीआधीच कठडा संपतो, तिथे एक लावता येतो. गल्लीतल्या मंडळाकडे मांडवाच्या कामाचं ड्रिल मशीन बहुतेक असतंच. गणपतीआधी एका रविवारी दहा घरांना दांडे बसवून होतील.

बसवल्यावर घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने दोन्ही हातांनी ओढून बघावं. जरा जरी हलला तर स्क्रू नुसता आवळू नका. काढून भोक पुन्हा भरा.