निन्जा ४०० आणि ट्रॅक डे: इंजिन आहे तसं ठेवा, पैसे पुढच्या चाकावर घाला

रस्त्यावरचीच बाईक ट्रॅक डेला, म्हणजे रेसच्या ट्रॅकवर आपलीच बाईक पाळीपाळीने (सेशनमध्ये) मोकळी पळवायच्या दिवसाला, न्यायची असेल तर कावासाकीची निन्जा ४०० हा या वर्गातला सगळ्यात शहाणा पर्याय आहे, असं आमचं ठाम मत आहे. आठवडाभर कामावर नेलेली बाईक आदल्या संध्याकाळी दोन-तीन तासांत तयार होते आणि दुसऱ्या दिवशी मनसोक्त पळते. मात्र कंपनीतून आली तशीच नेली तर जेमतेम दोन सेशन मजा येते. नंतर ब्रेक ढिला लागतो, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) खाली बसतो आणि चालवणारा बाईकला दोष देऊ लागतो. ब्रेक फ्लुइड, पॅड, टायर आणि फोर्कच्या स्प्रिंगा, या चार ठिकाणी याच क्रमाने हात घातला की बाईक पूर्ण बदलते. बाकीच्या खर्चाची घाई करू नका.

इंजिनबद्दल थोडक्यात. ३९९ सीसीचं पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडर), ७० मिमी बोअर, ५१.८ मिमी स्ट्रोक, १०,००० आरपीएमला ४५ पीएस, ८,०००ला ३८ एनएम, आणि पेट्रोल-ऑइलसकट वजन १६८ किलो. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं हे की ६,०००च्या वर ती कुठेही ओढते. वळणातून एक गिअर वरचा राहिला तरी बाहेर पडताना मेल्यासारखी होत नाही. नवख्या माणसाला याचा फार आधार असतो, कारण गिअरचा हिशोब सुटला तरी लक्ष लाइनवर, म्हणजे वळणातल्या आपल्या वाटेवर, ठेवता येतं. स्लिपर क्लच आहे, म्हणून ब्रेकिंगमध्ये गिअर खाली टाकताना मागचं चाक उड्या मारत नाही. तरी दोन गिअर एकदम टाकून क्लच झटक्यात सोडायची सवय लावू नये. ती सवय दुसऱ्या बाईकवर महागात पडेल.

या बाईकमध्ये दम आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी: वर्ल्ड सुपरस्पोर्ट ३०० मालिकेत २०१८ साली आना कारास्को निन्जा ४००वर विश्वविजेती झाली. सोलो मोटरसायकल रोड रेसिंगमध्ये जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री. २०१९मध्ये मानुएल गोन्झालेस आणि २०२०मध्ये जेफ्री बाउस यांनीही याच बाईकवर विजेतेपद मिळवलं. त्या रेसच्या बाईकमध्ये फोर्कचं आतलं सामान आणि मागचा शॉक बदललेला असतो. कमी तिथेच आहे, आणि तुमचा पैसाही तिथेच जायला हवा.

आता ब्रेक. पुढे ३१० मिमीची एकच डिस्क आणि दोन पिस्टनचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग). १६८ किलोंना थांबवायला एवढं पुरतं. अडचण ताकदीची नसून उष्णतेची आहे. रस्त्यावर दर अर्ध्या मिनिटाला शंभरच्या वरून जोरात ब्रेक कोणी मारत नाही, ट्रॅकवर तेच करायचं असतं, आणि सगळी उष्णता एकाच डिस्कवर आणि एकाच कॅलिपरवर येते. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारच्या कोऱ्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन वर्षं न बदललेलं फ्लुइड या खालच्या आकड्याकडे झुकलेलं असतं. कॅलिपरमध्ये ते उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि लिव्हर थेट हँडलला टेकते.

ब्रेक कमी लागतो म्हणजे नेमकं काय, हे लिव्हरवरून ओळखा. लिव्हर मऊ पडून आत येत असेल तर फ्लुइड उकळलं आहे. लिव्हर कडक आहे पण बाईक थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानापलीकडे गेले आहेत. पहिल्यावर इलाज ताजं फ्लुइड, दुसऱ्यावर सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड. पॅड बदलून मऊ लिव्हर बरी होत नाही, आणि लोक नेमकं हेच उलटं करतात.

ताजं चांगलं डॉट ४ किंवा डॉट ५.१ घातलं तरी बहुतेकांचं काम भागतं. वेगवान गटात जात असाल तर रेसिंगचं डॉट ४ घ्या. मोटुल आरबीएफ ६००चा कोरा उत्कलनबिंदू ३१२ अंश आहे. असं फ्लुइड मात्र सीझनमध्ये एकदोनदा बदलावं लागतं, बाटली उघडी ठेवून पुढच्या वर्षी वापरायची नाही. आणि डॉट ५ हे सिलिकोनचं वेगळंच प्रकरण आहे, नाव जवळचं असलं तरी या बाईकमध्ये ते घालायचं नाही.

फ्लुइड बदलायला पुढच्या ब्रेकसाठी पाव लिटर भरपूर होतं. टाकीवर ओला फडका पसरा, कारण हे फ्लुइड रंग खातं. वरच्या डब्यातलं जुनं काळपट फ्लुइड शोषून काढा आणि नवं भरा. कॅलिपरच्या निपलला (फ्लुइड बाहेर सोडायच्या पोकळ बोल्टला) रिंग पाना आणि पारदर्शक नळी लावा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव फेरा उघडा, लिव्हर हँडलपर्यंत गेली की निपल बंद करा, मग लिव्हर सोडा. हा क्रम चुकला की हवा आत जाते. दर पाच-सहा दाबांनी डब्यात बघा, पातळी खालच्या रेघेच्या वर राहिलीच पाहिजे. नळीतून कोऱ्या रंगाचं, बुडबुड्यांशिवाय फ्लुइड येऊ लागलं की झालं. शेवटी हँडल असं वळवा की मास्टर सिलिंडर सगळ्यात वर येईल आणि लिव्हर हलकेच टपटप दाबत राहा, वर अडकलेली बारीक हवा डब्यात निघून जाते.

नवे पॅड घातले तर ट्रॅकवर जाण्याआधी डिस्कशी नीट जमू द्या: साधारण साठच्या वेगावरून वीसपर्यंत मध्यम ब्रेकचे आठ-दहा फेरे, मध्ये थंड व्हायला वेळ, आणि गरम डिस्कवर ब्रेक दाबून उभं राहायचं नाही. पॅड निम्म्याहून कमी उरले असतील तर बदलूनच जा. पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ पिस्टनमधून फ्लुइडमध्ये जाते. स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप चांगले आहेत, लिव्हर घट्ट लागते, पण आधी फ्लुइड. एबीएस चालू ठेवा. खडबडीत ब्रेकिंगच्या जागी तो मध्येच सोडतो आणि अंतर वाढतं, हे खरं, पण त्यासाठी ब्रेक पाच मीटर आधी मारणं हा एबीएस काढण्यापेक्षा बरा उपाय आहे.

फोर्क हा या बाईकचा खरा कमकुवत भाग आहे. ४१ मिमीचा साधा टेलिस्कोपिक, १२० मिमी ट्रॅव्हल (वरखाली हालचाल), आणि सेटिंगसाठी फिरवायला एकही स्क्रू नाही. स्प्रिंगा शहरातल्या खड्ड्यांसाठी मऊ ठेवल्या आहेत. जोरात ब्रेक मारला की नाक इतकं खाली जातं की वळणात शिरताना पुढच्या चाकाला उसळायला जागाच उरत नाही. त्या अवस्थेत छोटासा उंचवटा आला तरी चाक हलकं होऊन सरकतं. साधारण ७५ किलोंच्या पुढच्या माणसाला हे पहिल्याच दिवशी जाणवतं.

अंदाज नको, मोजा. फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीवर प्लॅस्टिकची झिप टाय घट्ट बांधा आणि सीलपर्यंत खाली सरकवा. सेशन संपल्यावर ती कुठे थांबली ते बघा. १०५ ते ११० मिमीपर्यंत गेली असेल तर ठीक. नळीच्या टोकाशी अडकली असेल तर फोर्क पूर्ण बसतो आहे. सॅगसाठी, म्हणजे माणूस बसल्यावर फोर्क किती दबतो ते बघायला, पुढचं चाक उचलून नळीची उघडी लांबी मोजा, मग ट्रॅकवरचा सगळा पोशाख-हेल्मेट घालून, पाय फुटपेगवर ठेवून बसा आणि दुसऱ्या कोणाला पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक ३० ते ३५ मिमी हवा. ४५च्या पुढे असेल तर वजनाला साजेशा स्प्रिंगा घ्याच. जाड ऑइल घालून भागवायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने नाक हळू खाली जातं, पण जायचं तिथेच जातं, शिवाय बारीक खडबडीत भागावर चाक आपटू लागतं. आधी स्प्रिंग, मग गरज वाटली तर ऑइल. मागचा शॉक पाच पायऱ्यांच्या प्रीलोडवर (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते) बराच काळ निभावतो. हूक पाना घेऊन एक-दोन पायऱ्या वर करा, मागची उंची थोडी वाढते आणि बाईक वळणात चटकन झुकते.

टायर ११०/७० आणि १५०/६०, दोन्ही १७ इंची रेडियल. कंपनीचे टायर पहिल्या एकदोन ट्रॅक डेला चालतील, शिकायला ते वाईट नाहीत. नंतर चांगले स्पोर्ट टायर घाला. स्लिकच्या, म्हणजे नक्षी नसलेल्या रेसच्या टायरच्या, मागे लागू नका. त्यांना वॉर्मर (टायर आधी तापवणारी आवरणं) लागतात, आणि रस्त्याने घरी जायचं असेल तर ते उपयोगाचेच नाहीत. मागे १६० टाकायचाही मोह टाळा. या रिमवर तो आवळला जाऊन त्याचा आकार टोकदार होतो आणि कडेला नीट टेकत नाही. टायरच्या बाजूला कोरलेले शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांपेक्षा जुना टायर नक्षी कितीही खोल असली तरी ट्रॅकला नको.

हवेचं रस्त्यासाठीचं प्रमाण पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय. ट्रॅकवर पुढचं तेवढंच ठेवून मागचं थंड टायरला २८च्या आसपास आणा, आणि सेशनवरून येताच, टायर गरम असतानाच, मोजा. तीन-चार पीएसआय वाढ झाली तर बरोबर. त्याहून बरीच जास्त वाढली तर सुरुवातीला हवा कमी होती आणि टायर मुडपून तापतो आहे. वाढलीच नाही तर एक तर हवा जास्त आहे किंवा टायर तापण्याइतकं चालवणं अजून झालेलं नाही. मापक नेहमी एकच वापरा, दोन मापकं कधीच एकसारखं दाखवत नाहीत.

झुकवताना आधी घासतात ते फुटपेगच्या टोकांचे लांब बोल्ट. ते काढले की आणखी काही अंश मिळतात. तरी सुरुवातीला राहू द्या. ते फार लवकर घासत असतील तर बहुधा शरीर बाईकच्या आत न झुकता वर बसलेलं असतं आणि बाईकलाच सगळं झुकावं लागतं. पायाचा चवडा पेगवर ठेवा, टाच नव्हे, नाहीतर बुटाचं टोक आधी घासेल.

आदल्या संध्याकाळची कामं. आरसे आणि नंबर प्लेट काढा, हेडलाइट, टेललाइट आणि इंडिकेटरवर टेप लावा. बऱ्याच ट्रॅकवर ग्लायकॉलचं कुलंट चालत नाही, कारण सांडलं तर डांबर तेलकट होतं आणि सहज धुतलं जात नाही. ते पूर्ण काढून, साध्या पाण्याने धुऊन, डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक घाला. चेनची ढिलाई सगळ्यात ताणलेल्या जागी मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याच्या सैल बाजूला ठेवा, घट्ट चेन बेअरिंग खाते. ॲक्सल, कॅलिपर आणि क्लिप-ऑनचे (हँडलच्या दोन सुट्या दांड्यांचे) बोल्ट टॉर्क रेंचने तपासून त्यांवर रंगाची रेघ ओढा, म्हणजे दिवसभर नुसत्या नजरेने कळतं. ऑइल काचेतल्या वरच्या रेघेजवळ ठेवा. सकाळी टाकी अर्धी पुरते, पण जवळ पंप नसेल तर कॅन न्या.

स्प्रॉकेट १४/४१ आहे. मागे ४३ दात लावले तर गिअरिंग सुमारे ५ टक्के छोटं होतं, आखूड ट्रॅकवर बरं वाटतं. पहिल्या काही दिवसांत याने काहीही फरक पडत नाही. पैसे पॅडवर घाला.

पडण्याचीही तयारी हवी. साध्या घसरण्यात तुटतात ते लिव्हर, फुटपेग, गिअर लिव्हर आणि क्लिप-ऑन. एक-एक सुटे जवळ ठेवा, दुपारनंतरची सेशन वाचतात. फ्रेम स्लायडरपेक्षा (पडल्यावर घासायला फ्रेमला लावलेल्या गुटख्यांपेक्षा) इंजिनच्या दोन्ही बाजूंची जाड कव्हर जास्त उपयोगी. इंजिनच्या केसिंगला भोक पडलं की ट्रॅकवर ऑइल सांडतं, सगळ्यांचं सेशन थांबतं. लांब स्लायडर तर खडीत रुतून बाईक उलटवूही शकतो.

ही बाईक कोणाला घेऊ नये असं सांगू? वजन ९५ किलोंच्या पुढे असेल आणि स्प्रिंगांवर खर्च करायचा नसेल तर. लांब सरळ रस्त्यावर ६०० सीसीच्या बाईक भर्रकन पुढे गेलेल्या सोसवत नसतील तर. पुढच्याच वळणावर तुम्ही त्यांच्या मागच्या चाकाला लागाल, पण सरळ रस्त्यावर ओव्हरटेक होणारच. २०२४च्या मॉडेलपासून अनेक बाजारांत तिची जागा ४५१ सीसीच्या निन्जा ५००ने घेतली आहे. बोअर तोच, स्ट्रोक ५८.६ मिमी. खालून ओढ जास्त आहे. तरी ट्रॅकसाठी चांगली वापरलेली ४०० मिळाली तर आम्ही तीच घेऊ, सुटे भाग आणि सेटिंगची माहिती दोन्ही मुबलक आहेत. घेताना चाक उचलून हँडल हळू वळवा, मध्ये खाच लागली तर हेड बेअरिंग (ज्यावर हँडल वळतं ते) गेलं आहे. स्टिअरिंगचा स्टॉप (हँडल टोकाला अडवणारा ठोकळा) चेपलेला असेल तर बाईक जोरात पडलेली आहे, ती सोडून द्या.

रस्त्यावर परतण्याआधी मागच्या टायरची हवा पुन्हा ३२ करा, टेप काढा, आरसे आणि प्लेट लावा, पॅडची जाडी बघा. थंडीचे दिवस असतील तर त्याच आठवड्यात कुलंट परत भरा, नुसतं पाणी गोठलं तर रेडिएटर आणि ब्लॉक दोन्ही फुटतात.