जुनं फिलिंग: डागडुजी की पूर्ण बदल?

दातात भरलेल्या सिमेंटची कड तुटली, की दोन वाटा असतात. सगळं उकरून नवं भरायचं, किंवा तुटलं तेवढंच दुरुस्त करायचं. डेंटल कॉलेजांत पूर्वी पहिल्याच वाटेवर भर असे, जी. व्ही. ब्लॅक या अमेरिकन दंतवैद्यांच्या काळापासून कीड टाळायला खड्डा वाढवण्याची शिकवण मुरलेली होती. आता युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांत कॉम्पोझिटची, म्हणजे रेझिनच्या फिलिंगची, दुरुस्तीही शिकवतात, आणि मला तेच पटतं.

कारण कॉम्पोझिट दाताच्याच रंगाचं. ते कुठे संपतं आणि दात कुठे सुरू होतो, हे ड्रिलच्या टोकाखाली नीट दिसत नाही. चांगला दातही थोडा खरवडला जातोच. दर बदलात खड्डा मोठा, नस आणखी जवळ.

दुरुस्तीत जुना पृष्ठभाग खरखरीत करायचा, 37 टक्के फॉस्फोरिक ॲसिड लावून धुवायचं, मग सायलेन (जुन्या फिलिंगला नवा थर धरून ठेवणारं रसायन), बाँडिंग (चिकटवणारा द्रव) आणि नवा थर. बऱ्याचदा भूलही लागत नाही. पण जागा कोरडी हवी. लाळ लागली तर थर सुटतो.

खाली कीड पसरली असेल किंवा फिलिंगच हलत असेल, तर मात्र पूर्ण बदल. ही पारख प्लास्टिकच्या दातांवर शिकवता येत नाही, त्यासाठी विद्यार्थी पेशंटच्या खुर्चीशेजारीच उभा हवा.