मॅनिफोल्ड गेज घेताना: दोन व्हॉल्व्ह, चार व्हॉल्व्ह की डिजिटल?

बेळगावात एसी-फ्रिजचं काम धरलेल्या माणसाला आठवड्याभरात पाच-सहा गॅस भेटतात. टिळकवाडीतल्या जुन्या घराचा विंडो एसी आर-२२ चा, नव्या अपार्टमेंटमधला इन्व्हर्टर स्प्लिट आर-३२ चा, कुंदा-मिठाईच्या दुकानातला काचेचा काउंटर आर-१३४ए चा, घरचा फ्रिज आर-६००ए चा, आइस्क्रीमवाल्याचा मोठा फ्रीझर आर-४०४ए चा. म्हणून मॅनिफोल्ड गेज, म्हणजे गॅसचा दाब दाखवणारी घड्याळं, व्हॉल्व्ह आणि होज (जोडनळ्या) यांचा सेट, घ्यायला दुकानात गेल्यावर पहिली मागणी असते, 'सगळ्याला चालेल असा एकच सेट दाखवा.' असा सेट नसतो. दुकानदार 'चालतो की सगळ्याला' म्हणाला, तर तो होजच्या आट्यांबद्दल बोलतोय, घड्याळांबद्दल नाही.

आधी दाब बघू, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. खालचे आकडे पीएसआयमध्ये (दर चौरस इंचावर पौंड), गेजवर दिसतात तसे, ढोबळ. कंडेन्सर म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी.

| गॅस | मशीन बंद, ३० अंश | कंडेन्सर ५० अंशांवर |
|---|---|---|
| आर-६००ए | ४५ | ८५ |
| आर-१३४ए | ९७ | १७५ |
| आर-२९० | १४० | २३५ |
| आर-२२ | १५८ | २६५ |
| आर-४०४ए | १९० | ३२० |
| आर-४१०ए | २६० | ४३० |
| आर-३२ | २६५ | ४४० |

आर-२२ च्या जुन्या सेटमधलं निळं घड्याळ (कमी दाबाच्या, म्हणजे सक्शन बाजूचं) बहुधा २५० ला संपतं आणि लाल (जास्त दाबाच्या, म्हणजे डिस्चार्ज बाजूचं) ५०० ला. म्हणजे आर-३२ चा एसी नुसता बंद उभा असताना होज लावला तरी निळा काटा पट्टीबाहेर. आतली वाकडी नळी एकदा ताणली गेली की काटा शून्यावर परत येत नाही. मग पुढचा स्क्रू फिरवून तो शून्यावर आणला जातो आणि गेज 'बरा झाला' असं वाटतं. शून्य बरोबर दिसतं, पण वरची सगळी पट्टी चुकलेली राहते. लाल बाजूलाही तेच: आउटडोअरची जाळी धुळीनं भरली की आर-३२ चा दाब ५०० च्या वर सहज जातो.

म्हणून आज पहिला सेट घेणाऱ्यानं आर-३२/आर-४१०ए च्या पट्टीचाच घ्यावा: निळं ५०० पर्यंत, लाल ८०० पर्यंत. होजवर छापलेलं वाचा, ८०० पीएसआय वर्किंग (कामाचा दाब) आणि ४००० बर्स्ट (फुटण्याचा दाब) असं असलं पाहिजे. आर-२२ साठी वेगळा नवा सेट घेण्यात अर्थ नाही. १ जानेवारी २०२५ पासून नव्या उपकरणांच्या निर्मितीत हा गॅस बंद आहे, आता उरलं ते फक्त सर्व्हिसचं काम. जुना सेट असेल तर त्याच्यावर खडूनं आर-२२ लिहून बाजूला ठेवा. आर-२२ च्या मशीनमध्ये मिनरल ऑइल असतं, आर-३२ मध्ये पीओई नावाचं कृत्रिम तेल. जुन्या होजच्या आत चिकटलेलं तेल नव्या कॉम्प्रेसरमध्ये ढकलू नका.

आणखी एक बारीक गोष्ट, जी आउटडोअरजवळ गेल्यावरच आठवते. आर-३२ आणि आर-४१०ए च्या बऱ्याच स्प्लिटचा सर्व्हिस पोर्ट ५/१६ इंची असतो, तर साधा होज पाव इंची. अडॅप्टर लावता येतो, पण तो एक जादा लीकचा सांधा. एका टोकाला ५/१६ आणि बॉल व्हॉल्व्ह असलेला होज घेतला तर काढताना गॅसही कमी उडतो. आर-३२ पेट घेऊ शकतो, त्यामुळं बंद खोलीत होज रिकामा करायची सवय असेल तर ती मोडा.

आता आपल्या गावाची अडचण. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे. इथं हवेचाच दाब पणजीपेक्षा सव्वा पीएसआयनं कमी. परिणामी आतली हवा उपसणारा व्हॅक्यूम पंप कितीही चांगला असो, निळा काटा पूर्ण व्हॅक्यूमला साधारण २७.३ इंच पाऱ्यावर थांबतो, ३० वर नाही. पणजीत तोच गेज जवळजवळ ३० दाखवेल. नवीन माणूस इथं दोन चुका करतो. एक तर पंप खराब समजून ऑइल बदलत बसतो, नाहीतर स्क्रू फिरवून काटा ३० वर नेतो. दुसरी चूक महागात पडते, कारण मग पूर्ण पट्टी तीन इंच सरकते. स्क्रू फिरवायचा तो फक्त होज हवेत मोकळे असताना, काटा शून्यावर नसेल तरच. चोर्ला घाट उतरून गोव्यात कामाला जाताना तिथं पुन्हा एकदा शून्य बघून घ्या.

एसीच्या कामात हा सव्वा पीएसआय नगण्य आहे. आर-४१०ए ला त्यानं तापमानात पाव-अर्धा अंशाचा फरक पडतो. फ्रिजमध्ये मात्र तो बोलतो. आर-१३४ए चा इव्हॅपोरेटर (थंड करणारी कॉइल) उणे २५ अंशांवर असताना पणजीत गेज पाऊण पीएसआय दाखवेल, बेळगावात २. आर-६००ए मध्ये तर उणे २५ ला सक्शन व्हॅक्यूममध्येच असतो: समुद्रकाठी सुमारे १२ ते १३ इंच, इथं १० च्या आसपास. घड्याळाच्या तबकडीवर छापलेलं तापमान समुद्रसपाटीचं धरलेलं असतं. ते आर-६००ए ला इथं तीन-साडेतीन अंशांनी चुकतं.

त्यातच एसीचा मॅनिफोल्ड फ्रिजला लावला तर गणित साफ बिघडतं. ५०० पीएसआयच्या निळ्या घड्याळाची अचूकता १.६ वर्गाची (पूर्ण पट्टीच्या १.६ टक्के) असेल तर चूक ८ पीएसआयपर्यंत चालते, १.० वर्गाची असेल तर ५. आर-६००ए ची अख्खी सक्शन रीडिंगच उणे ५ पीएसआयची. चूक रीडिंगपेक्षा मोठी, मग काटा बघायचा कशाला? शिवाय दीड मीटरच्या एका होजमध्ये साधारण २५-२७ मिलिलिटर जागा असते. तो होज आर-६००ए च्या द्रवानं भरला तर १५ ग्रॅम गॅस होजमध्येच अडकतो, आणि फ्रिजचा सगळा चार्ज (भरायचा गॅस) कित्येकदा ४०-५० ग्रॅम. म्हणून फ्रिजच्या कामाला मॅनिफोल्डच नको. एक कमी पट्टीचं सिंगल गेज, आखूड होज आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, एवढंच.

दोन व्हॉल्व्हचा की चार व्हॉल्व्हचा? दोन व्हॉल्व्हच्या सेटात मधल्या पिवळ्या होजवरच पंपही आणि सिलिंडरही. व्हॅक्यूम मारून झाल्यावर होज पंपावरून काढून सिलिंडरला लावायचा, त्या क्षणी त्यात हवा शिरते, मग ती पर्ज करून, म्हणजे थोडा गॅस सोडून, काढायची. चार व्हॉल्व्हच्या सेटात व्हॅक्यूमला स्वतंत्र ३/८ इंची तोंड असतं. पंप, सिलिंडर, दोन्ही बाजू एकदाच जोडायच्या आणि नुसते व्हॉल्व्ह उघडत-मिटत जायचं. चिकोडीकडचे दुधाचे बल्क कूलर, उद्यमबागेतले ऑइल चिलर, छोट्या कोल्ड रूम अशी दोन्ही बाजूंना पोर्ट असलेली कामं ज्याची जास्त, त्याला चार व्हॉल्व्हचा पैसा वसूल होतो.

निव्वळ स्प्लिट एसी करणाऱ्याचं तसं नाही. बहुतेक स्प्लिटला बाहेरून एकच पोर्ट, तोही सक्शनचा. लाल घड्याळ वर्षभर शोभेला राहतं. आमचं सरळ मत असं, की अशा माणसानं आर-३२ पट्टीचा चांगला दोन व्हॉल्व्हचा सेट घ्यावा, किंवा सिंगल गेजवरही भागवावं, आणि उरलेले पैसे व्हॅक्यूम अगदी बारीक मोजणाऱ्या मायक्रॉन गेजमध्ये घालावेत. चार व्हॉल्व्हच्या स्वस्त सेटवर तिसरं छोटं व्हॅक्यूम घड्याळ असतं, ते पाहून भुलू नका.

त्याचं कारण आकड्यांतच आहे. एक इंच पारा म्हणजे २५,४०० मायक्रॉन. आर-३२ च्या मशीनला आपल्याला ५०० मायक्रॉनच्या खाली जायचंय. पावसाळ्यात खानापूरकडं हवा २० अंशांची आणि ओलीचिंब असते. त्या तापमानाला नळीतलं पाणी उकळायला लागतं ते १७,५०० मायक्रॉनच्या खाली. म्हणजे पाणी उकळायला सुरुवात होते तिथून पूर्ण कोरडं होईपर्यंतचा सगळा प्रवास काट्याच्या शेवटच्या पाऊण इंचात होतो. काट्याची जाडीच त्यातली बरीचशी झाकून टाकते. पीओई ऑइल पाणी ओढून धरतं, सोडत नाही. काटा 'तळाला' गेला म्हणून दहा मिनिटांत पंप बंद केला तर पाणी आत राहतं, ऑइल आंबट होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात कॉम्प्रेसर जातो.

मायक्रॉन गेज पंपापाशी नाही, मशीनच्या बाजूला लावायचा. पंपाच्या तोंडाशी रीडिंग नेहमीच गोड येतं. पोर्टमधली पिन काढणारं टूल लावून ३/८ चा होज थेट पंपापर्यंत नेला आणि मॅनिफोल्ड मधून वगळला, तर वेळ निम्म्याहून कमी लागतो. पाव इंची होजमधून हवा जाते तिच्या पाचपट ३/८ मधून जाऊ शकते, पण पिन आत राहिली तर ती सगळं अडवते. ५०० खाली गेल्यावर व्हॉल्व्ह मिटून दहा मिनिटं थांबा. आकडा वर जाऊन दीड-दोन हजारांवर स्थिरावला तर ओल आहे, पुन्हा पंप लावा. थांबेचना तर लीक आहे, नायट्रोजन भरून शोधा.

डिजिटल सेटचा खरा फायदा आकडे ठळक दिसण्यात नाही. एकाच सेटात डझनावारी गॅसचे तक्ते असतात, पाईपला क्लॅम्प लावले की सुपरहीट (उकळून झाल्यावर गॅस किती अंश जास्त तापला) आणि सबकूलिंग (द्रव झाल्यावर तो किती अंश जास्त थंड झाला) आपोआप येतं, आणि ५०० पीएसआयच्या पट्टीवर २ पीएसआयही वाचता येतो. टेस्टोचा ५५०एस दोन व्हॉल्व्हचा, तर ५५७एस चार व्हॉल्व्हचा आणि व्हॅक्यूम प्रोबसकट. फील्डपीसच्या एसएम ३८०व्ही आणि एसएम ४८०व्ही मध्ये मायक्रॉन गेज आतच आहे. किंमत चांगल्या अॅनालॉग सेटच्या कित्येक पट. कोल्ड रूम, व्हीआरएफ (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर), चिलर यांची वार्षिक देखभाल घेणाऱ्याला ती परवडते, कारण तिथं सबकूलिंगशिवाय चार्ज ठरवताच येत नाही. घरोघरच्या स्प्लिटला जाणाऱ्याला नाही. काही डिजिटल सेटांत आपल्या गावाची उंची किंवा हवेचा दाब हातानं भरावा लागतो, तो न भरल्यास आर-१३४ए च्या फ्रीझरचं तापमान पुन्हा दोन अंशांनी चुकणार. सेल संपले की सेट मुका, आणि उन्हात गच्चीवर काही सेटांच्या पडद्यावरचं वाचता येत नाही. म्हणून डिजिटल घेणाऱ्यानंही एक साधं घड्याळ गाडीत ठेवावंच.

इन्व्हर्टर एसीला मात्र महागडा सेटही उपयोगी नाही, जोपर्यंत मशीन टेस्ट मोडवर (ठराविक वेगावर) नाही. कॉम्प्रेसर आपला वेग सतत बदलतो, तसा दाबही बदलतो. 'आर-३२ ला सक्शन १२५-१३० आला की झालं' हे उन्हाळ्यात, ३५ अंशांत शिकलेलं गणित डिसेंबरच्या बेळगावी गारठ्यात लावलं तर हमखास जास्त गॅस भरला जातो. आउटडोअरच्या पाटीवर लिहिलेले ग्रॅम आणि जादा पाईपचे ग्रॅम, एवढंच खरं. हीटिंग असलेल्या मॉडेलला तर हीटिंग चालू असताना तोच सक्शन पोर्ट डिस्चार्ज होतो आणि जुनं २५० चं घड्याळ तिथंच फुटतं.

बटाट्याच्या मोठ्या कोल्ड स्टोरेजमधून कुणी 'जरा गेज लावून बघा' म्हणून बोलावलं, तर आधी गॅस विचारा. अमोनिया असेल तर पितळी मॅनिफोल्ड पिशवीबाहेर काढू नका. अमोनिया तांबं-पितळ खातो. तिथं स्टीलचेच गेज आणि त्या कामाचीच माणसं हवीत.

सेट पसंत पडला की पैसे देण्याआधी काउंटरवरच तीन गोष्टी करून घ्या. होज उघडे ठेवून दोन्ही काटे शून्यावर आहेत का ते पाहा. मग रात्रभर एकाच खोलीत राहिलेला, आत द्रव असलेला आर-१३४ए चा सिलिंडर मधल्या होजला लावा, दुसऱ्या दोन होजची टोकं बंद करा आणि दोन्ही व्हॉल्व्ह उघडा. खोली ३० अंशांची असेल तर बेळगावात दोन्ही घड्याळांनी ९८ च्या आसपास दाखवलं पाहिजे. दोघांत १० चा फरक पडला तर खोकं परत. शेवटी सिलिंडर बंद करून तो दाब आत कोंडलेलाच पंधरा मिनिटं ठेवा. काटा खाली आला तर बहुतेक वेळा दोष होजच्या टोकातल्या रबरी गॅस्केटचा असतो. ते गॅस्केट पाकिटानं सुटे मिळतात, सेटबरोबर दहा-बारा घेऊन ठेवा.