गुरुवारी दोन ते सहा: देगाच्या खडूंचं दुकान

पॅरिसला भाचीकडे पोचल्या दिवशीच तिला सांगून टाकलं, बाकीचे दिवस तू म्हणशील तिकडे येते, गुरुवार मात्र माझा. 'ला मेझाँ द्यु पास्तेल' हे पेस्टल खडूंचं दुकान आम्ही गेलो तेव्हा आठवड्यातून एकच दिवस उघडत होतं, गुरुवारी दुपारी दोन ते सहा. "मावशी, खडू घ्यायला एवढ्या लांब?" भाची म्हणाली. म्हटलं, नर्तकींची चित्रं काढणारा तो फ्रेंच चित्रकार देगा इथूनच घ्यायचा.

पत्ता 20, रू राम्बुतो, मारे भागात. आम्ही दोनदा दारावरून पुढे गेलो. दुकान रस्त्याला नाहीच; फाटकातून आत शिरायचं, वाड्याच्या चौकात शिरल्यासारखं, तेव्हा ते सापडतं. आत दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की तिसऱ्याने चौकात थांबलेलं बरं. भिंतीला लाकडी कप्पे, आणि त्यांत एकेका रंगाच्या गडदपासून फिक्यापर्यंत उतरत गेलेल्या कांड्यांच्या ओळी. दीड हजारांहून जास्त छटा आहेत म्हणे. मी मोजायच्या भानगडीत पडले नाही, एका करड्या रंगापाशीच माझी पंधरा मिनिटं गेली. करडा म्हणजे काळ्यात पांढरा, असं मुलांना तीस वर्षं शिकवत आले. इथे हिरवट करडा, जांभळट करडा, ओल्या राखेसारखा, कबुतराच्या मानेसारखा. मुलांची माफी मागायला हवी.

खडू हाताने वळलेले असतात आणि सावकाश वाळवलेले. त्यामुळे एक कांडी दुसरीसारखी नाही. कुठे किंचित बाक, कुठे टोक जाड. वर कागदाचं वेष्टण नाही. काउंटरवरच्या बाईंनी नमुन्याच्या कागदावर ओढून पाहू दिलं. आधी वाटलं, जरा खरखरीत आहे. मग लक्षात आलं की रंग कागदाला धरून राहतोय, फुंकर मारली तरी जागचा हलत नाही. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी 'कलाकारांसाठी' असं छापलेला मोठा संच घेतला होता. त्यात मधेच खडे लागायचे आणि कागदावर चरा उठायचा. खिडकीजवळ लावलेल्या चित्रातला गुलाबी तर दोन वर्षांत चहाच्या डागासारखा झाला. त्या मानाने ही कांडी म्हणजे निराळीच जात.

किंमत आधीच सांगते, म्हणजे दारात जाऊन धक्का बसायला नको. एका कांडीला वीस युरोच्या आसपास पडले. संच घ्यायचा विचार मी चौकातच सोडून दिला. चार कांड्या घेतल्या: तो हिरवट करडा, एक नारिंगी, एक मळकट गुलाबी आणि एक निळा. बोटांएवढ्या चार कांड्यांना ऐंशी युरो, असं भाचीने फोनवर आईला म्हणजे माझ्या बहिणीला कळवलं. त्यावर बहीण काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

आता देगा. इथले खडू घ्यायचे तर त्याची कथा माहीत असलेली बरी, कारण हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून तो खडूंकडे वळला. निदान बराचसा गरज म्हणून. जन्म 1834चा, पॅरिसचा, वडील बँकर. कायद्याच्या अभ्यासाला नाव घातलं आणि सोडलं. 1853पासून लूव्रमध्ये बसून जुन्या चित्रांच्या नकला करायला लागला. अँग्रसारख्या म्हाताऱ्या उस्तादाने त्याला सांगितलं होतं, रेषा काढ, पुष्कळ रेषा काढ. त्या काळच्या होतकरू पोरांसारखी यालाही इतिहासातली भव्य दृश्यं रंगवायची होती. मग हळूहळू त्याची नजर शहरावर आली: ऑपेराचे वादक, घोड्यांच्या शर्यती, इस्त्रीवाल्या बायका, कॅफेत एकट्या बसलेल्या बायका.

1874मध्ये वडील गेले आणि घरावरचं कर्ज उघडं पडलं. भावाचीही देणी होती. घर गेलं, जमवलेली चित्रं गेली. चाळिशीच्या माणसाला पहिल्यांदाच पोटासाठी चित्रं विकायची वेळ आली. तैलरंगाचा थर वाळेपर्यंत दिवसचे दिवस वाट बघावी लागते, पेस्टलला ती भानगड नाही. शिवाय यात रेषा आणि रंग एकदमच पडतात, म्हणजे अँग्रचा सल्लाही मोडायला नको. नर्तकींच्या चित्रांना गिऱ्हाईक होतंच. त्याच्या सुमारे दीड हजार कामांत नर्तकी आहेत, एकूण कामाच्या जवळजवळ निम्म्या. पुढे डोळे अधू होत गेले तसे खडूचे फटकारे रुंद आणि रंग भडक होत गेले.

या दुकानाचे त्या काळचे मालक आँरी रोशे हे रसायन जाणणारे गृहस्थ. देगा, व्हिसलर अशी चित्रकार मंडळी त्यांची गिऱ्हाइकं. देगा ऐन भरात होता तेव्हा दुकान या पत्त्यावर नव्हतं, जवळच्याच दुसऱ्या गल्लीत होतं. त्यामुळे 'देगा याच फरशीवर उभा राहिला' असं म्हणून रोमांच उभे करून घेऊ नका. मी आधी करून घेतले आणि मग बाईंनी पत्त्याचं सांगितलं.

दुकान गुरुवारी उघडं असण्यात एक फायदा आहे, तो आम्हाला त्याच दिवशी कळला. देगाची चित्रं जिथे आहेत ते म्युझे दोर्से हे संग्रहालय इतर दिवशी संध्याकाळी सहाला बंद होतं, गुरुवारी मात्र पावणेदहापर्यंत चालू असतं. सोमवारी बंद. तेव्हा दुकानातून निघा, काहीतरी खाऊन घ्या आणि सहानंतर तिथे जा. संध्याकाळचं तिकीटही स्वस्त पडतं. दुपारची गर्दीही ओसरलेली असते. भाचीच्या ओळखीतल्या एका सहल कंपनीच्या गटाला या अख्ख्या संग्रहालयासाठी एक तास दिला होता, त्यातली वीस मिनिटं मोठ्या घड्याळापुढे फोटो काढण्यात गेली. घड्याळ छान आहे, इमारत मुळात 1900 सालचं रेल्वे स्टेशन, पण तेवढ्यासाठी कशाला यायचं!

माझ्या बोटांना तो हिरवट करडा तसाच होता. देगाच्या 'नृत्याचा वर्ग' या चित्रासमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा काय दिसलं, तर झारी. खाली डाव्या कोपऱ्यात, पियानोजवळ. आपण अंगणात सडा घालतो तसं तिथे तालमीच्या लाकडी जमिनीवर पाणी शिंपडायचे, धूळ उडू नये आणि पाय घसरू नये म्हणून. पियानोवर बसलेली मुलगी हात मागे नेऊन पाठ खाजवतेय. मधोमध म्हातारे नृत्यगुरू झ्युल पेरो काठी टेकून उभे आहेत, आणि अर्ध्या मुलींचं त्यांच्याकडे लक्षच नाही. मागे उंच बाकांवर मुलींच्या आया. तीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला हे चित्र कोणी समजावून सांगायला नको. तास संपत आलाय.

हे चित्र तैलरंगातलं, 1873 ते 76चं. ज्या जुन्या ऑपेरा नाट्यगृहात ही तालीम दाखवलीय ती इमारत 1873च्या ऑक्टोबरात जळाली. तरी गडी आपला जुनीच खोली रंगवत राहिला.

पेस्टल चित्रं वेगळी, मंद उजेडात ठेवतात आणि विश्रांती देण्यासाठी आलटूनपालटून काढतात. म्हणून ठरावीक चित्र मनात धरून जाऊ नका. आमच्या नशिबाने 'तारका' भिंतीवर होतं. आधी ठशाचं काळं चित्र, त्यावर पेस्टल. पुढे उजेडात एकटी नर्तकी, हात पसरलेले. मागे पडद्याच्या आडोशाला काळ्या कोटातला एक पुरुष, डोकं झाकलेलं, फक्त धड आणि पाय. वार्षिक वर्गणी भरणाऱ्या अशा श्रीमंतांना रंगमंचामागे मोकळीक असे, आणि मुली बहुतेक गरीब घरच्या. कॅलेंडरवर छापताना त्या माणसाला कापून टाकलेलं मी पाहिलंय. मग उरते ती नुसती गोंडस बाहुली.

जवळ जाऊन तिच्या झग्याकडे पाहा, म्हणजे पहारेकरी हटकणार नाही इतपतच जवळ. लांबून पांढरा वाटणारा झगा पांढरा नाहीच. खालचा काळा ठसा मधूनमधून वर येतो आणि त्यावर खडू फक्त घासून नेलाय. दुकानात हलका हात ठेवून कांडी ओढली तेव्हा माझ्या कागदावर जशी भुकटी बसली, तशीच तिथे बसलीय. दीडशे वर्षं होत आली आणि ती भुकटी अजून पडायची आहे! थराथरांमध्ये देगा चिकटद्रव फवारायचा, कधी चित्रावर वाफ सोडायचा. कागद अपुरा पडला तर सरळ पट्टी जोडायचा. आम्ही मुलांच्या वहीत असलं ठिगळ पाहिलं असतं तर मार्क कापले असते.

चौदा वर्षांच्या छोट्या नर्तकीचा पुतळा पाहायचा राहू देऊ नका. इथला ब्राँझचा, देगाच्या मृत्यूनंतर ओतलेला. मूळचा मेणाचा, खऱ्या केसांचा, खऱ्या कपड्यांचा, 1881मध्ये मांडला तेव्हा टीकाकारांनी मुलीला माकडापर्यंत नेऊन बसवलं. तिचं नाव मारी व्हान गोथेम. पुढच्याच वर्षी तिला ऑपेरातून काढून टाकलं. हनुवटी वर, डोळे अर्धे मिटलेले. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर अशा दोघीतिघी तरी असायच्या.

माणूस म्हणून देगा मला आवडत नाही, हेही सांगायला हवं. ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आळ आला, त्या प्रकरणात तो ज्यूद्वेष्ट्यांच्या बाजूला गेला आणि मूळच्या ज्यू आलेव्ही कुटुंबाशी असलेली जुनी मैत्री तोडून बसला. आणि 'नृत्याचा वर्ग', कॅफेतलं ते 'अॅबसिंथ', जांभई देणारी इस्त्रीवाली ही चित्रं आज सगळ्यांना पाहायला मिळतात ती इझाक द कामोंदो या ज्यू बँकरमुळे. त्याने ती 1911मध्ये देशाला दिली, देगा जिवंत असतानाच. चित्राखालच्या पाटीवर हे नाव येतं. मी प्रत्येक पाटीपाशी थांबून भाचीकडून ते वाचून घेतलं. शेवटी ती कंटाळली आणि खाली पुस्तकांच्या दुकानात जाऊन बसली.

खडूंकडे परत. घरी आणायचे कसे हा खरा प्रश्न, कारण ठिसूळ माल. भाचीच्या स्वयंपाकघरातून कोरडा तांदूळ घेतला, डब्यात तळाला थर, त्यावर कांड्या, वर पुन्हा तांदूळ. पेस्टलवाल्यांची ही जुनी युक्ती. धक्का बसत नाही आणि मळलेल्या कांड्या तांदळात हलवल्या की स्वच्छही होतात. डबा हातातल्या पिशवीत ठेवला. विमानतळावर तपासणीवाल्याने तो उघडला, तांदळात दोन बोटं घातली आणि निळी कांडी बाहेर काढली. मला फ्रेंच येत नाही, त्याचं इंग्रजी माझ्याइतकंच. मी बोर्डिंग पासच्या मागे एक रेघ ओढून दाखवली. त्याने ती अंगठ्याने पुसून पाहिली, मग बराच वेळ नुसता अंगठा पाहत राहिला, आणि डब्याचं झाकण स्वतःच नीट लावून दिलं.