अमेरिकेच्या कॉलेजच्या अर्जात माझ्या मुलीच्या नावाने काय काय लिहिलं होतं

मी फोंड्याची. ह्यांचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे, आणि आमच्या दोन्ही घरांत आजवर कोणी बाहेरदेशात शिकायला गेलेलं नाही, म्हणून बाय अकरावीत असताना म्हणाली मला अमेरिकेत लिबरल आर्ट्स कॉलेजला अप्लाय करायचंय तेव्हा मला आधी वाटलं चित्रकलेचं काहीतरी असेल. तसं नाही, तिनेच समजावलं, अ‍ॅम्हर्स्ट, विल्यम्स, बोडन अशी छोटी कॉलेजं असतात, भर सगळा बीएच्या मुलांवर, पहिली दोन वर्षं गणित, इतिहास, संगीत काहीही घेऊन बघायचं आणि मग मेन विषय ठरवायचा. खर्च वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर. तो आकडा ऐकून आम्ही गप्पच झालो. पण घरची परिस्थिती बघून मदत मिळते असं ती म्हणाली आणि ते खरं आहे.

मग ओळखीतून एक कन्सल्टंट भेटला. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. गोड बोलायचा, वहिनी वहिनी करायचा, पहिल्याच भेटीत म्हणाला मुलगी हुशार आहे, शंभर टक्के मेरिट स्कॉलरशिप पक्की, माझा कोटा आहे तिथे. जूनमध्ये ६० हजार दिले, चवथीच्या आधी सीट ब्लॉक करायला म्हणून ७५ हजार, आणि दिवाळीनंतर स्कॉलरशिप प्रोसेसिंगचे ५०. सगळे यूपीआयने, त्याच्या स्वतःच्या खात्यावर, पावती एकही नाही. मी माझ्या दोन बांगड्या मोडल्या त्यासाठी.

आता कळलं की अ‍ॅम्हर्स्ट आणि विल्यम्स मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत. जी मदत देतात ती कुटुंबाची कमाई बघूनच. आणि अशा कॉलेजात एजंटचा कोटा वगैरे काही नसतो. हे दोन्ही त्यांच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत सापडलं असतं, पण आम्ही बघितलं नाही.

अर्ज अनेक कॉलेजांसाठी मिळून असलेल्या एकाच वेबसाइटवर, म्हणजे कॉमन अ‍ॅपवर भरतात. ते अकाउंट त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलं आणि पासवर्ड कधी दिला नाही, बायने मागितला की म्हणायचा तू बारावीचा अभ्यास कर गो, टेक्निकल भाग माझ्यावर सोड. जानेवारीच्या सुरुवातीला म्हणाला आठ कॉलेजांत अर्ज गेले. आम्ही देवाला नारळ ठेवला.

आणि मग माघात कवळ्याला शांतादुर्गेच्या जत्रेत तिचे इंग्लिशचे सर भेटले. बाय पाया पडली आणि म्हणाली सर तुम्ही अमेरिकेसाठी लेटर दिलंत त्याबद्दल थँक्यू. सर म्हणाले, कसलं लेटर गे?

त्या अर्जात शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं आणि ते मुलाच्या हातात येतच नाही, शिक्षकाच्या ईमेलवर लिंक जाते आणि शिक्षकच ते सरळ अपलोड करतात. सरांना लिंक आलीच नव्हती. त्याने सरांच्या नावाने खोटा ईमेल काढून पत्र स्वतःच लिहून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी हे, माझे भावोजी आणि बाय त्याच्या ऑफिसात जाऊन बसले आणि अकाउंट उघडल्याशिवाय उठणार नाही म्हणाले. तीन तासांनी उघडलं. निबंध, जो मुलाने स्वतः लिहायचा असतो, ६५० शब्दांचा, त्यात लिहिलेलं की माझे वडील मी नववीत असताना वारले आणि तेव्हापासून मी आईसोबत मासळी विकते. हे तिथे उभे राहून स्क्रीनवर ते वाचत होते. घरी आले ते त्या दिवशी जेवले नाहीत. बाय अजून त्यावर बोलत नाही.

खाली आणखी एक होतं ते आम्हाला उशिरा कळलं, फायनान्शियल एड पाहिजे का, तिथे त्याने ‘नको’ टाकलेलं. का तर अ‍ॅडमिशनचे चान्स वाढतात म्हणे. बऱ्याच कॉलेजांत बाहेरच्या देशातल्या मुलांनी मदत मागितली की निवडताना ते बघतात हे खरं आहे, पण अर्जाच्या वेळी मागितली नाही तर बऱ्याच ठिकाणी पुढे चारही वर्षं मागता येत नाही. म्हणजे अ‍ॅडमिशन मिळाली असती तरी आम्ही पाठवूच शकलो नसतो! आणि ५० हजार घेतले ते कशाचे, तर मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल म्हणून फॉर्म असतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६, तो त्याने भरलाच नव्हता.

बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना बायने आठही कॉलेजांना स्वतः मेल केला की हा अर्ज मी लिहिलेला नाही, मागे घ्या. मला भीती की कायमचं नाव खराब होणार, कारण अर्जाच्या शेवटी हे सगळं माझंच आणि खरं आहे अशी तिच्या नावाने सही होती. सगळ्यांनी अर्ज बंद केल्याचं कळवलं. एका बाईंनी वर लिहिलं, कळवलंस ते बरं केलंस, पुढच्या वर्षी नव्याने कर.

सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे त्या १९३० वर फोन केला, रायबंदरला सायबर पोलिसांकडे कागद दिले. पैसे अजून आलेले नाहीत.

तुमच्या मुलाचा अर्ज कोणाकडे दिला असेल तर आज रात्रीच लॉगिन मागा आणि मुलासोबत बसून एकेक पान वाचा, आणि शिक्षकांना स्वतः फोन करून विचारा लिंक आली का. सल्लाच पाहिजे तर एज्युकेशनयूएसए म्हणून अमेरिकन सरकारची सेवा आहे, मुंबईत सेंटर आहे, फुकट, ऑनलाइनही बोलतात. आम्हाला हे सरांनी सांगितलं, जत्रेनंतर.

बाय आता पणजीला कॉलेजला जाते आणि रात्री जेवणं झाली की नव्या अकाउंटवर बसते. पासवर्ड तिचा तिलाच माहीत. निबंध लिहितेय, दोनदा फाडला, तिसऱ्यांदा परवा ह्यांना वाचून दाखवला.