टीआयएल बघायचं की पीडी-एल१?

खानापूरहून भाचीचा फोन. आक्काला ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, हर२ हे तिन्ही रिसेप्टर निगेटिव्ह असलेला) स्तनाचा कर्करोग. "मामा, पैसे एकाच तपासणीपुरते आहेत, कुठली करू?"

टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. पीडी-एल१ म्हणजे त्या लढाऊ पेशींना आवरणारं, पेशींवरचं एक प्रथिन. खर्चात टीआयएल हलकं. बायोप्सीची गुलाबी-जांभळी स्लाइड तीच. गाठीतल्या पेशींच्या मधल्या जागेत लिम्फोसाइटचे गडद ठिपके किती टक्के दाटलेत, हे पॅथॉलॉजिस्ट नजरेनं ठरवतात. पीडी-एल१ला अँटीबॉडीचं वेगळं रंगकाम लागतं, त्याचे पैसे वेगळे.

सांगतात काय? टीआयएल भरपूर असले तर या प्रकारात आजार उलटण्याची शक्यता कमी, केमोला प्रतिसादही बरा. पण त्यावरून औषध ठरत नाही. पीडी-एल१ तिथं कामाला येतं: आजार पसरलेला असेल आणि २२सी३ नावाच्या अँटीबॉडीच्या चाचणीत सीपीएस (पीडी-एल१ दिसणाऱ्या पेशींचा एकत्रित गुणांक) १० किंवा जास्त आला, तर केमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाचा विचार होतो. शस्त्रक्रियेआधीच्या टप्प्यात मात्र त्या औषधाचा फायदा पीडी-एल१ निगेटिव्ह असतानाही दिसलाय.

आक्काची गाठ स्तन-काखेपुरतीच आहे. म्हणून भाचीला म्हटलं, रिपोर्टात टीआयएलचा आकडा लिहून माग, पीडी-एल१वर आत्ता पैसे घालू नको, आणि हे डॉक्टरांसमोर बोल. फुप्फुसात, यकृतात आजार गेलेल्यांनी मात्र पीडी-एल१ चुकवू नये. आणि बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक दोन्ही प्रकारच्या रुग्णांनी जपावा.