बालवर्ग ते दहावी एकाच पद्धतीची शाळा: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

शाळा पुण्यातली, खासगी, मराठी माध्यमाची, राज्य मंडळाची. नाव लिहीत नाही, कारण इथे दिसलेल्या त्रुटी मॉण्टेसरी पद्धतीने (मूल स्वतः साहित्य हाताळत आपल्या गतीने शिकतं) चालणाऱ्या इतर शाळांतही सापडतात. जून ते मार्च वर्ग, वह्या आणि साहित्य जवळून पाहिल्यावर मत असं झालंय: चौथीपर्यंत शिकवणं मुलाच्या गतीने चालतं, पाचवीत ते वेळापत्रकाच्या गतीने चालू लागतं. ज्या मुलांना शिकताना वेगळी मदत लागते, त्यांची सगळ्यात जास्त ओढाताण तिथेच होते.

बालवर्ग उत्तम. 3 ते 6 वर्षांची मुलं एकत्र बसतात, मॉण्टेसरीचं साहित्य उघड्या फडताळावर असतं. गुलाबी मनोऱ्याचे 10 घन, 1 सेंमीपासून 10 सेंमीपर्यंत, एकच संच. दुसऱ्याचं होईपर्यंत थांबायचं. नवा शब्द तीन टप्प्यांत शिकवतात: "हे मोठं", मग "मोठं दाखव", शेवटी "हे कसं आहे?" बऱ्याच शाळांत ताई (शिक्षिका) मधला टप्पा दोन मिनिटांत उरकून प्रश्नावर येतात आणि मूल गप्प बसतं. खरं तर सगळ्यात जास्त वेळ मधल्या टप्प्याला द्यायचा असतो: आण, ठेव, लपव, मला दे. इथे तो दिला जातो.

अक्षरओळखीचं काम विशेष बारकाईने केलंय. आकारसाधर्म्यामुळे ग, म, भ, न एकदम शिकवण्याची पद्धत रूढ आहे, पण ज्या मुलाचा म आणि भ मध्ये गोंधळ होतो त्याला हीच जोडी पाठोपाठ मिळते. इथे सुरुवात क, म, न, ल, र आणि काना अशी होते, म्हणजे पहिल्या आठवड्यापासून कान, नाक, मका, कमान असे शब्द वाचता येतात. म पक्का झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी भ. घ आणि ध मध्येही असंच अंतर ठेवतात.

पहिली वेलांटी हा मराठीतला अवघड भाग. "किती" लिहिताना कानाला आधी क ऐकू येतो, डोळ्याला आधी वेलांटी दिसते. आवाजाच्या क्रमाने लिहिणारं मूल क काढून मोकळं होतं, डावीकडे जागा उरत नाही, मग "कीती" लिहितं किंवा वेलांटी पुढच्या अक्षराला जाते. इथे सुटी अक्षरं वापरतात, वेलांटी लाल रंगाची. मूल आधी क ठेवतं, मग लाल वेलांटी हाताने उचलून त्याच्या डाव्या बाजूला लावतं. वहीत लिहायला लावण्याआधी हे बरेच दिवस चालतं. एक त्रुटी मात्र आहे: खरकागदाची (सँडपेपरची) अक्षरं गिरवून गिरवून गुळगुळीत झालीत. डोळे मिटून बोट फिरवलं तर काठ कळत नाही, म्हणजे त्या साहित्याचा उपयोगच संपला. ती दरवर्षी बदलायला हवीत. खर्चही फारसा नाही.

गणितात मराठी संख्यानावांचा त्रास इथे नीट ओळखलाय. "एकोणतीस" ऐकलं की मुलाच्या कानात तीस राहतं आणि वहीत 39 उतरतं. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आलं तेव्हा मोठा वाद झाला होता. या शाळेने मधला मार्ग काढलाय: सोनेरी मण्यांच्या दहाच्या 2 सळ्या आणि 9 सुटे मणी, तोंडाने "वीस नऊ", लगेच "म्हणजे एकोणतीस". साधारण दोन महिन्यांनी पहिलं रूप आपोआप गळून पडतं.

तिसरीत साहित्य एकदम नाहीसं होतं आणि फटका तिथेच बसतो. 1003 मधून 467 वजा करायचे तर हजाराचा घन मोडून शंभराचे 10 चौरस, त्यातला एक मोडून दहाच्या 10 सळ्या, त्यातली एक मोडून 10 सुटे मणी. हे हाताने केलेल्या मुलाला वरचे 9, 9, 13 कुठून आले ते दिसतं. न केलेलं मूल "शून्याकडून हातचा" पाठ करतं आणि चार दिवसांत विसरतं. मणी तिसरीच्या वर्गात वर्षभर राहायला हवेत.

सहावी ते आठवीचे प्रकल्प चांगले आहेत, त्यावर जास्त लिहिण्याची गरज नाही. पाचवीबद्दल मात्र लिहायला हवं. 2023-24 पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. तिचा धसका घेऊन शाळेने पाचवीत 35 मिनिटांच्या तासिका आणि प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक केले. सावकाश वाचणाऱ्या मुलाला धडा काढून सुरुवात करेपर्यंत घंटा होते, आणि त्याची अडचण कुठे आहे हे पूर्ण माहीत असलेली एकही ताई वर्गात उरत नाही.

वेगळी मदत लागणाऱ्या मुलांसाठी रिसोर्स रूम (त्यांना वेगळं शिकवण्याची खोली) आणि दोन विशेष शिक्षिका आहेत. त्या प्रत्येक मुलासाठी करतात ते शिकवण्याचे आराखडे मोजता येतील असे आहेत: "वाचन सुधारणे" असं मोघम न लिहिता "जोडाक्षर नसलेला 40 शब्दांचा उतारा 2 मिनिटांत, 3 पेक्षा कमी चुका, दिवाळीपर्यंत". गाडी अडते ती वेळापत्रकावर. मुलांना खेळाच्या किंवा चित्रकलेच्या तासाला बाहेर काढतात. दिवसभरात त्या मुलाला जमणारी, त्याचं कौतुक होणारी तासिका बहुतेक वेळा तीच असते. वाचनाची मदत भाषेच्याच तासाला द्यावी, हे शाळेने फेब्रुवारीत तत्त्वतः मान्य केलंय.

नववी-दहावीत परीक्षेतल्या सवलतींची तयारी फार उशिरा सुरू होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकताना येणारी अडचण) आहे आणि तिची तपासणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी करता येते. इथे पालकांना नववीत सांगतात, मग प्रमाणपत्रासाठी सरकारी रुग्णालयाच्या खेपा सुरू होतात. लेखनिक मिळाला तरी सांगून लिहून घेणं हे वेगळं कौशल्य आहे. लेखनिक खालच्या इयत्तेतला असतो, "प्रकाशसंश्लेषण" त्याला ऐकून लिहिता येईलच असं नाही. विरामचिन्हं कुठे, नवा परिच्छेद कुठे, भूमितीत कोणत्या बिंदूला कोणतं अक्षर, सगळं तोंडाने सांगावं लागतं. याचा सराव आठवीच्या चाचण्यांपासून व्हायला हवा.

प्रवेश घ्यायचा असेल तर बालवर्गाची सजावट पाहून परत येऊ नका. पाचवीचं वेळापत्रक मागा आणि मदतीचा तास कोणत्या विषयाच्या जागी टाकलाय ते तपासा. नाव झाकलेला एखादा जुना आराखडाही दाखवायला सांगा. त्यात आकडे आणि तारखा आहेत का ते बघा.